पाहुण्यांचा सत्कार आणि टेबलावरची बाई

मंडळी, आज अंधेरीच्या एका हॉटेलात आम्हा गायनॅक डॉक्टरांची दुर्बिणीच्या ऑपरेशनवर कॉन्फरन्स होती. हॉस्पिटलमधलं ऑपरेशन पडद्यावर थेट दिसत होतं. दुर्बीण बाईच्या पोटात होती.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे उगवले. आयोजक माइकवरून सर्जनला म्हणाला, "सर, जरा थांबा ना, सत्कार उरकून घेतो."

आणि तो शहाणा थांबला. तिकडे बाई भुलीखाली, इकडे शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा फोटो.

मी आयोजकाला म्हटलं, "अरे, पेशंट टेबलावर आहे."

"मॅडम, तिला कुठे कळतंय?"

हॉलभर डॉक्टर टाळ्या वाजवत होते.

घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना एवढं विचारून घ्या, मध्ये कोणाचा सत्कार तर नाही ना?