कॅनडातला कढीपत्ता मी बोरीवलीत बसून बुडवला

मंडळी, आज सकाळपासून मी स्वतःवरच चिडले आहे.

माझी मुलगी मुक्ता कॅनडात असते. तिने हौसेने कढीपत्त्याचं रोप आणलं आणि तीन हिवाळे घरात खिडकीपाशी ठेवून जगवलं. यंदा त्याची पानं गळायला लागली. व्हिडिओ कॉलवर ते बघून मी रोज तिच्या मागे लागले, "अगं, पाणी कमी पडतंय! माझ्या गॅलरीतलं बघ, कसं झकास वाढलंय."

ती म्हणायची, "आई, इथे थंडीत झाड झोपतं. पाणी कमीच लागतं."

मी ऐकते कसली! शेवटी ती बिचारी रोज पाणी घालायला लागली.

आज तिने रोप उपटून दाखवलं. मुळं काळी आणि लिबलिबीत. वाट लागली सगळी. डोळे भरले होते तिचे, तरी म्हणाली, "जाऊ दे गं, मलाच कळायला हवं होतं." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने खोड नखाने खरवडलं. बुडाशी बोटभर हिरवं निघालं, एक मूळही अजून घट्ट होतं. माझ्या जिभेवर दहा सूचना आल्या होत्या. त्या गिळल्या आणि विचारलं, "तू काय करणारेस?"

"सडलेलं कापते आणि कोरड्या मातीत लावते. बघू."

थंड देशात कढीपत्ता जगवलेलं इथे कोणी आहे का? असाल तर सांगा ना, त्याला आता पाणी कधी घालायचं? मुंबईत बसून सल्ले देणाऱ्यांनी मात्र प्लीज गप्प बसा. त्या कामाला मी एकटी पुरेशी आहे.