आमची नंदा आणि तिचे नवे सर

आज सकाळी दहाला भावाच्या मुलीला, नंदाला, घेऊन खोडाळ्याहून जव्हारला स्पीच थेरपीसाठी गेलो होतो. बोलताना अडखळते, वर्गात सगळे हसतात, म्हणून ती शाळाच सोडायची म्हणत होती.

शिकवायला आपल्यातली, वारली बोलणारी बाई द्या, असं मी तिथे दोनदा सांगून ठेवलं होतं. समोर आले जव्हारचे शेखसर! ना आपल्यातले, ना बाई.

सर म्हणाले, "ना-ना-नाव काय तुझं?"

नंदाने डोळे मोठे केले. "तु-तुम्ही पण?"

"अगदी ल-लहानपणापासून."

ती खुदकन हसली आणि तासभर बोलत राहिली.

येताना एसटीत मी तिकीट मागणार, तोच मलाच म्हणाली, "काका, तू गप ऱ्हा." मग कंडक्टरला, "दो-दोन खोडाळा!"

मंडळी, तुमच्या मुलांना आपलं माणूस कुठे भेटलं?