गव्हाणीपर्यंतचं अंगण

पल्लवीचा फोन सकाळी आला. "काका, अप्पा गेलं." एवढंच... मागे म्हैस हंबरत होती. माझा चुलतभाऊ अप्पा झोपेतच गेला. त्याला आता महिना झाला.

जळोचीच्या घरासमोरच्या अंगणात तो मुलीला, पल्लवीला, फुटबॉल शिकवायचा. डाव्या रेषेलगत धावणारी खेळाडू त्याला घडवायची होती. स्वतः तो कुठल्या संघात कधी नव्हता. जे शिकला ते मोबाइलवर बघून. उसाची कांडी हातभर अंतरावर रोवायची आणि मधून चेंडू न्यायचा, आधी पायाच्या आतल्या बाजूने, मग बाहेरच्या. कांडं पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

"खाली बघू नगं. चेंडू काय पळून जात न्हाय."

"जातोय की! म्हशीकडं."

ते खरं होतं. डाव्या हाताला गव्हाण होती. चेंडू तिकडे गेला की म्हशी बुजायच्या, पान्हा चोरायच्या. अप्पाने एकदा वडिलांकडे विषय काढला. मी ओट्यावर होतो.

"आबा, गव्हाण चार हात सरकवू. पोरीला डावीकडं वळायला जागाच न्हाय."

"मग उजवीकडं वळ म्हनावं. म्हशी काय तुझ्या डोक्यावर बांधू?"

सगळे हसले. मीही. अप्पाने विषय पुन्हा काढला नाही. चार वर्षं पल्लवी उजवीकडेच वळत राहिली.

इंदापूरच्या निवड चाचणीत समोरच्या मुलीला हे दहा मिनिटांत कळलं. ती उजवी बाजू अडवून उभी राहिली. डावीकडे रेषेपर्यंत मैदान मोकळं होतं... पल्लवी प्रत्येक वेळी उजवीकडे वळली आणि चेंडू गमावत गेली. निवड झाली नाही. परतताना अप्पा मला म्हणाला, "तिची चूक न्हाय. मला ठावं होतं." पल्लवीने ते ऐकलं. घरी येऊन तिने बूट माळ्यावर टाकले. त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलली, शेवटपर्यंत. तो मात्र दर रविवारी अंगणात गव्हाणीपर्यंत चुन्याची नवी रेघ मारत राहिला.

तेराव्याच्या पंगतीला जागा पुरेना. आबांनी ट्रॅक्टर बोलावला. गव्हाण अर्ध्या तासात निघाली, म्हशी घरामागे पेरूखाली बांधल्या. संध्याकाळी त्यांनी नेहमीइतकंच दूध दिलं.

परवा गेलो तेव्हा पल्लवी अंगणात उभी होती. आबा ओट्यावरून म्हणाले, "खेळत न्हाईस व्हय? जागा झाली की आता." अप्पाची पुसट झालेली रेघ गव्हाण होती तिथे थांबते, पुढची जमीन काळपट, ओलसर आहे. पल्लवी रेघ संपते तिथपर्यंत चालत गेली, आणि उजवीकडे वळून घरात गेली.