नदीपलीकडची सात वर्षे

दिनांक २२ जून २०२४, शनिवार, सकाळी साडेनऊ. आदिलाबादच्या प्रवेश पडताळणी केंद्रात थोरल्या नातीचा क्रमांक पुकारला गेला आणि मी तिच्यासोबत टेबलापुढे उभा राहिलो.

तिला विद्युत आणि यंत्र ही दोन्ही कामे शिकवणारी पदविका हवी होती. सुट्टीत ती घरी असताना शेतातल्या पंपाची मोटर जळली की मिस्त्री येण्याआधीच ती खोलून ठेवी आणि दोष कुठे आहे ते त्यालाच सांगे. सरकारी तंत्रनिकेतनात ही शाखा होती. फी सरकार भरणार होते. खासगी महाविद्यालय आमच्या आवाक्यातले नव्हते.

कारकुनाने गुणपत्रिका पाहिली, प्रवेश परीक्षेतला क्रमांक पाहिला आणि शाळेचे दाखले मागितले. चौथी ते दहावी, सातही वर्षांचे. ते त्याने दोनदा उलटले. शाळा पैनगंगेपलीकडची, महाराष्ट्रातली होती. नियमाप्रमाणे त्या सातांपैकी चार वर्षे तरी तेलंगणात शिकलेला विद्यार्थी स्थानिक, बाकीचे बाहेरचे. बाहेरच्यांसाठी थोड्या खुल्या जागा असतात, तिथवर तिचा क्रमांक पोचत नव्हता. फीची सवलतही स्थानिकांनाच.

मी पिशवीतून जमिनीचे पासबुक, म्हणजे इकडचा सातबारा, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र काढले. चार पिढ्या नदीच्या अलीकडे, तेलंगणातल्या भीमपूर मंडलात आहोत, असे सांगितले. त्याने कागदांना हात लावला नाही.

"ज़मीन यहाँ की है, दादा," तो शांतपणे म्हणाला. "लड़की वहाँ की है."

तिला तिकडची मीच केले होते. आमच्या गावांत मुलांना नदीपलीकडे मामाकडे ठेवून मराठी शाळेत घालण्याची रीत आहे. सुनेने तेव्हा विरोध केला होता. राहायचे इथे, तर शाळाही इथलीच बरी, एवढेच ती म्हणाली. या घरात तेलुगू पाटी येणार नाही, असे मी तिला सुनावले. त्या वाक्याचा मला बरीच वर्षे अभिमान होता.

पलीकडच्या तंत्रनिकेतनात इकडचा जातीचा दाखला चालत नाही. तिथे पूर्ण फी. हे बाहेरच्या बाकावर मी नातीला सांगितले. ती रडली नाही. रडली असती तर मला रागावता तरी आले असते.

"मामाच्या गावाजवळ आयटीआय हाय," ती म्हणाली. "इलेक्ट्रिशियन करीन."

तिथे एकच काम शिकवतात, असे मी म्हणालो.

"मंग दुसरं आपल्या मोटरीवर शिकीन, आबा. ते तं दर साली जळतेच."

मला हसू आले नाही. तीही हसत नव्हती.

दुपारी घरी पोचलो. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि ताट वाढले. धाकटी नात तिसरी उत्तीर्ण झाली होती आणि नदीपलीकडच्या त्याच शाळेत चौथीत बसणार होती. जेवण झाल्यावर मी तिथल्या मुख्याध्यापकांना तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज लिहिला. कारण द्यावे लागते. आजोबांची चूक, असे लिहिण्याची पद्धत नाही. मी 'पालकांची इच्छा' असे लिहिले. अर्ज सुनेला वाचून दाखवला, खाली तिची सही घेतली आणि लिफाफा चिकटवला.