ब्रेकवाले काकाजी

गाडीत बसायच्या आधी काकाजी चपला काढून ठेवत. मग अनवाणी उजवा पाय ब्रेकवर ठेवून डोळे मिटत. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. "थांबा जरासक. मी ऐकून राह्यलो," असं ते म्हणत, आणि आजूबाजूचे हसत, कारण गाडी तर बंदच असायची.

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती, लागतही नव्हती. सोयाबीन सोंगल्यावर रानात धसकटं राहतात तशी पांढरी खुरटी दाढी, आणि आवाज मात्र शेडच्या मापाचा. गाडीचं सगळंच काम त्यांना येई, पण गाव त्यांना ब्रेकवाले म्हणे ते त्यांच्या एका वाक्यामुळे. "इंजिन बिघडलं तं मानूस घरी राह्यते. ब्रेक बिघडला तं घरी येत नाई."

गाडी आणली की लोक आधी बिघाड सांगायला लागत. काकाजींचा पहिला प्रश्न वेगळाच असे, "गाडीत कोन कोन बसते?" म्हातारी आई बसते, पोरं बसतात, असं काही ऐकलं की मगच ते पान्ह्याला हात घालत.

माझी त्यांची गाठ पडली ती कापसाच्या ट्रॉलीमुळे. मी जवळच्या गावी शाळेत शिकवते. चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि एक जुनी, छोटी गाडी घेतली. तिसऱ्या महिन्यात बाजारापाशी ट्रॅक्टरची रांग लागली होती. मी ब्रेकवर पाय ठेवून निवांत उभी. तर पेडल आपलं हळूहळू खाली चाललं, गाडी पुढे सरकली आणि समोरच्या ट्रॉलीतून बाहेर लोंबणाऱ्या कापसाच्या गाठोड्यात अलगद जाऊन टेकली. कापूसवाला वरून म्हणाला, "काहून मॅडम, गादी आवडली काय?"

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पाय नीट ठेवत जा." एका गॅरेजमध्ये ब्रेकचे पॅड बदलून दिले आणि समजूतही घातली, "नवीन चालवणाऱ्याला असं वाटतं, मॅडम." दुसऱ्याच दिवशी पेडल पुन्हा खाली गेलं. आणि संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी तर आम्ही चार शिक्षिका केळापूरच्या देवीला जाणार होतो, गाडी मी चालवणार होते. चौघींच्याही घरी त्यावर विनोद करून झाले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नवरा आणि मी काकाजींकडे गेलो. नवरा सांगायला लागला, "त्याचं असं आहे काकाजी, हिला वाटतं…"

"गाडी तुमी चालवता काय?"

"नाही, ही चालवते."

"मंग त्याईलेच बोलू द्या ना भाऊ."

मी सांगितलं. जोरात दाबला की ब्रेक लागतो. पण उभं राहून हलकाच दाबून ठेवला की पेडल खाली जातं.

काकाजींनी चपला काढल्या, आत बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा चेहरा खुलला होता. "बाई बरोब्बर बोलून राह्यल्या. जोरात दाबला तं धरते, हळू दाबला तं जाते. तुमचा पाय चांगला हाये."

तीन महिन्यांत माझ्या पायाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गरजच नव्हती.

मग त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. काठोकाठ होती. चारही चाकं काढून आत बोट फिरवलं. कोरडंठाक. "तेल बाहेर सांडलं नाई, तरी पेडल खाली गेलं. मंग तेल गेलं कुठं?" त्यांनी परीक्षकासारखं मला विचारलं.

"आतल्या आत?"

"पास!" त्यांनी मडगार्डवर थाप मारली. ज्या मास्टर सिलिंडरमधून तेल चाकांकडे ढकललं जातं, त्याच्यातले रबरी वॉशर झिजले होते. हळू दाबलं की तेल त्यांच्या बाजूनं मागे निसटत होतं. "कुलूप हाये, पन कडी ढिली," काकाजी म्हणाले.

नवा सिलिंडर दिग्रसला नव्हता. मी म्हटलं, "उद्या जाऊन येते, सोमवारी करू. जोरात दाबत जाईन."

त्यांनी गाडीची किल्ली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. "चार जनी बसनार ना? मंग नाई."

नवरा चिडला. "काकाजी, गाडी आमची आहे."

"गाडी तुमची हाये भाऊ. रस्त्यावरचे लोक तुमचे नाईत."

त्यांनी यवतमाळला फोन लावला. चार वाजताच्या एस.टी.त सिलिंडर आला. काकाजी स्वतः सायकलवर स्टँडला गेले आणि वरातीतल्या माणसासारखे डबा उंच धरून परतले. तासाभरात तो बसवला. आता नळ्यांमधली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं पेडल दाबायचं असतं. नवरा तत्परतेनं आत बसला. काकाजींनी त्याला उठवलं. "जो चालवते, त्याचाच पाय."

मग एकेका चाकापाशी बसून त्यांचं सुरू झालं, "दाबा… धरा… सोडा." नळीचं टोक बाटलीत सोडलं होतं. तेलात बुडबुडे उठले की ते खूश होत. "निघाली पाहा! लपून बसली व्हती लेकाची." चौथ्या चाकाला माझ्या पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि मी ओरडलेच.

शेवटी उतारावर गाडी उभी केली. "आता हलकं दाबा आन शंभर मोजा," असं म्हणून काकाजी चाकापाशी उकिडवे बसले. मी वर्गात म्हणतात तसे मोठ्यानं पाढ्याच्या चालीत आकडे म्हणायला लागले. साठाला नवराही माझ्या सुरात सूर मिसळू लागला. शंभर झाले. पेडल केसभरही हललं नाही. काकाजींनी खिशातून किल्ली काढून नवऱ्याच्या नव्हे, माझ्या हातात दिली.

केळापूरला आम्ही गाणी म्हणत गेलो आणि गाणी म्हणतच आलो. परतताना वळणावर अचानक म्हशी आडव्या आल्या. गाडी जागच्या जागी थांबली. गाण्याचं कडवंसुद्धा तुटलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी काकाजींचं उकिडवं बसणं बंद केलं. शेड दुसऱ्याला देऊन ते राळेगावला मुलीकडे निघाले. एस.टी.नंच जातो म्हणत होते. मी ऐकलं नाही, त्यांना माझ्या गाडीत बसवलं. दारव्ह्यापर्यंत ते ताठ बसून मला खड्डे दाखवत होते. यवतमाळ सोडलं, दोन्हीकडे कापूस फुटलेला, आणि त्यांचा आवाज थांबला. पाहते तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, झोप लागलेली.

राळेगावला त्यांची मुलगी धावत बाहेर आली आणि काचेतून बघून थबकलीच.

"झोपले?" ती म्हणाली. "बाबा कोनाच्या गाडीत झोपत नाईत, मॅडम. माह्या वरातीच्या गाडीतबी टक्क जागे व्हते."

ती दार उघडायला गेली. मी तिचा हात धरला. मग आम्ही दोघी अंगणातच बाजेवर बसलो, ते जागे होईपर्यंत.