आजीच्या भावाची गिटार

मंडळी, आज माझी नवी गिटार दाखवायला उंब्रजला आजीकडे गेलो होतो. नव्वदी ओलांडलेली आजी गिटारीवरून हात फिरवत म्हणाली, "आमच्या दादाकडं अशीच हुती."

दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजेत गेलेला तिचा भाऊ इटलीहून गिटार घेऊन परतला होता. तिकडेच शिकला होता. लय गोड वाजवायचा म्हणे. पण त्यांचे वडील भडकले. "माझ्या घरात तमासगीर नको," म्हणाले आणि गिटार फोडून चुलीत घातली.

"त्याच जाळावर मला भाकरी भाजाय लावल्या. दादा गप जेवला. परत कवा वाद्याला हात लावला न्हाई त्यानं."

डोळे पुसून आजी म्हणाली, "तू वाजव की रं."

मी गिटार मांडीवर घेतली. सांगा, अशा वेळी काय वाजवायचं?