गुडघ्याएवढ्या उंचीवरचं कॅलेंडर

मी आयुष्यात एकच घर विकत घेतलं आणि तेही एका कॅलेंडरवर भाळून. मागच्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर ते टांगलेलं होतं. वर लक्ष्मीचं चित्र, खाली तारखा. इतक्या खाली कॅलेंडर कोण लावतं, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं ही, घरातल्या लहान मुलांना वार दिसावेत म्हणून मुद्दाम खाली लावलंय! माझे डोळे पाणावले. तेव्हा मी तिशीच्या आत होते, केसांचा फुगा काढत होते आणि जगात मला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. डोळ्यांतलं ते पाणी पुसून मी यांना कोपरानं खुणावलं, "हेच घ्यायचं." हे अंगणातल्या हापूसकडे बघत होते. म्हणजे घर आम्ही दोघांनीही बघितलंच नाही.

त्या दिवशी आमच्याबरोबर वन्सं असत्या, तर ते कॅलेंडर खिळ्यावर राहिलं नसतं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. जुनं घर नापास करण्यात त्यांचा हात धरणारं माणूस अख्ख्या रत्नागिरीत झालं नाही आणि आता होणारही नाही. देवळात गेल्या तरी आधी छत बघायच्या, मग देव. लग्नाच्या पंगतीत बसल्या की पानावर वरण पडेपर्यंत मंगल कार्यालयाच्या कोणत्या तुळईला वाळवी लागलीय ते त्यांचं सांगून व्हायचं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. सासूबाई सांगत, स्थळं पुष्कळ आली होती, पण वन्सं मुलाऐवजी त्याचं घरच बघत. एक मुलगा नोकरीवाला, देखणा, निर्व्यसनी. त्याच्या घरून परत आल्यावर या म्हणाल्या, "मुलगा बरा आहे, पण माजघराची भिंत पोटातून फुगलीय." झालं, स्थळ मोडलं. पुढं एका पावसाळ्यात ती भिंत खरंच बसली, असंही सासूबाई सांगत. पण ते सांगताना त्यांना अभिमान वाटे की रडू येई, हे मला कधी नीटसं कळलं नाही.

हे शास्त्र त्या कुठं शिकल्या? भाड्याच्या घरांत. वन्सं प्राथमिक शाळेत बाई होत्या आणि बदलीवर बदली होत जिल्हाभर फिरल्या होत्या. केळशीला समुद्राकाठच्या घरात त्यांच्या सगळ्या पुस्तकांना बुरशी आली, तेव्हापासून त्या घरात पाऊल टाकताच आधी नाक वर करून हुंगू लागल्या. सावर्ड्याला रात्रीतून कौलं सरकली आणि तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांचा लगदा झाला, तेव्हापासून त्या वर बघू लागल्या. प्रत्येक घरमालकानं त्यांना फसवलं आणि प्रत्येक फसवणुकीतून त्यांची एकेक नवी परीक्षा जन्माला आली.

त्यांची पर्स म्हणजे एक प्रयोगशाळाच. तीत एक क्रोशाची सुई असे. घरमालक पुढं बोलत असला की या मागं दाराच्या चौकटीत हळूच ती सुई खुपसून बघत. एका घरात ती श्रीखंडात चमचा जावा तशी थेट मुठीपर्यंत आत गेली. "सागवान आहे हो, सागवान," मालक म्हणाला. "होतं," वन्सं म्हणाल्या आणि सुई पुसून पर्समध्ये ठेवली. भिंतीच्या गिलाव्याला बोट घासून त्या ते बोट चाटत. किनाऱ्यावरची माणसं पैसे वाचवायला समुद्राची रेती वापरतात, ती खारट भिंत मग जन्मभर ओल धरते, असं त्यांचं म्हणणं. एका घरची सून हे बघून घाबरली आणि आतून ताटलीत खोबऱ्याची वडी घेऊन आली. बिचारीला वाटलं, पाहुण्यांना भूक लागलीय. वन्संनी वडी घेतली, खाल्ली, "वडी छान, भिंत खारट," असं सांगितलं आणि बाहेर पडल्या.

विहिरीचं पाणी मात्र त्या चाखून बघत नसत. पाणी तोंडाला गोड लागतं आणि डाळीला कळतं, असं त्या म्हणत. जड पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून घरमालकाला सोडून त्या थेट शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरत आणि विचारत, "काय हो, तुमच्याकडे डाळ किती वेळात शिजते?" पावसात चपला कुठे ठेवता, पापड किती दिवस कुरकुरीत राहतात, हेही विचारून घेत. शेजारीण बोलकी निघाली की तासाभरात त्या घराची सगळी दुखणी वन्संच्या पदरात.

आणि लिंबू! जमिनीला उतार आहे का, म्हणजेच पाया एका बाजूनं खचलाय का, हे बघायला त्या फरशीवर लिंबू सोडत. राजिवड्याच्या बाजूला एक घर आम्ही बघायला गेलो होतो. वन्संनी उंबऱ्याशी बसून पर्समधून लिंबू काढलं आणि ठेवलं. ते लिंबू माजघरातून निघालं, देवघराला वळसा घालून सरळ म्हातारीच्या खाटेखाली जाऊन थांबलं. म्हातारीनं जी किंकाळी फोडली, ती खाडीपलीकडे गेली असेल. "करणी केलीन गो, करणी केलीन! कोण ही बाय?" घरातली सगळी माणसं धावली. मी बापडी हात जोडून समजावतेय, हे चपला शोधतायत आणि वन्सं खाटेखाली वाकून म्हणतायत, "एक मिनिट हो. किती खचलंय ते तर बघू द्या." आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत पळालो. लिंबू मात्र वन्संनी परत आणलं होतं.

असं तीन वर्षं चाललं. आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, पोरं मोठी होत होती आणि वन्सं घरामागून घरं नापास करत होत्या. आधी मला हसू येई, मग कंटाळा आला, मग राग. रागाला कारण होतं त्यांची छत्री. प्रत्येक घरात सगळं बघून झालं की वन्सं मागच्या खोलीत जात आणि छत्री जमिनीवर आडवी ठेवून, पुन्हा पुढं सरकवून, एक भिंत मोजत. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "कॉट मावेल." कोणाची कॉट? आमच्याकडे कॉट नव्हतीच, आम्ही सगळे गाद्या घालून झोपत होतो. कॉट होती वन्संची. बदलीच्या प्रत्येक गावी ती एसटीच्या टपावरून त्यांच्याबरोबर जायची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या आमच्यासाठी घर बघतच नाहीयेत, या स्वतःसाठी खोली बघतायत! निवृत्त झाल्या की कॉट घेऊन येणार आणि मग माझ्या स्वयंपाकघरात नाक वर करून हुंगणार, माझ्या भिंती चाटणार. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला मी फार चाणाक्ष वाटले होते. यांना मी म्हटलं, "वन्संना घेऊन गेलो तर आपलं घर कधीच होणार नाही." कारण खरं नव्हतं, पण पटण्यासारखं होतं. यांना पटलं.

म्हणून त्या मे महिन्यात वन्संना आम्ही सांगितलं की हातखंब्याला साखरपुड्याला चाललोय, आणि घर बघायला गेलो. घर बघावं तर आषाढात, मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर साधूसारखं दिसतं, हे वन्संचं वाक्य मला पाठ होतं. ते विसरायलाच तर मी निघाले होते. मालकानं आंबे कापून दिले. मागच्या खोलीची एकच भिंत ताजी रंगवलेली होती, बाकीच्या तीन जुन्या. मला वाटलं, हौस. त्या भिंतीवर खाली कॅलेंडर. मला वाटलं, प्रेम. चार दिवसांत व्यवहार झाला.

वास्तुशांतीला वन्संना बोलावलं. बोलावणं भागच होतं. त्या पितळी समई घेऊन आल्या. साखरपुड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळं घर फिरल्या, पण पर्स उघडली नाही. मागच्या खोलीत गेल्या तेव्हा मी दारात उभी होते, लढाईच्या तयारीनं. कॅलेंडर अजून तिथंच होतं, लक्ष्मी आहे म्हणून मी ते काढलं नव्हतं. वन्संनी त्याच्याकडे बघितलं. मग त्या खाली वाकल्या, जरा तिरकं झालं होतं ते बोटानं सरळ केलं आणि मला म्हणाल्या, "पानं मांडलीस का गो?" छत्री त्यांच्या हातात होती. ती जमिनीवर ठेवली गेली नाही.

मला वाटलं, जिंकले.

जूनमध्ये आधी लक्ष्मी फुगली. मग तिचे पाय भिजले, मग कमळ, आणि जुलै लागेपर्यंत खिळ्यासकट ती जमिनीवर आली. तिच्यामागं परातीएवढा काळा डाग होता आणि डागातून पाणी पाझरत होतं. भिंतीमागं शेजाऱ्याची जमीन उंच होती आणि तिथला सगळा पाऊस आमच्या चिऱ्याच्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. ती खोली वर्षातले चार महिने आमची नव्हतीच. तिथं फक्त ओल्या छत्र्या ठेवायचो.

आणि खरं कडू पुढंच आहे. त्या भिंतीनं माझी मोठी सोय केली. वन्सं निवृत्त झाल्या, तेव्हा मी तोंड वाकडं न करता म्हणू शकले, "तुम्हांला इथंच बोलावलं असतं हो, पण खोली ओली आहे." त्या "खरंच की" म्हणाल्या आणि वरच्या आळीला एक खोली भाड्यानं घेऊन राहिल्या. भिंत दुरुस्त करायला हे दरवर्षी निघायचे आणि दरवर्षी मीच काहीतरी दुसरा खर्च काढायचे. ओल मालकानं लपवली होती खरी. पण नंतर इतकी वर्षं ती मी सांभाळली.

वन्संना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा माझी नात आणि तिचा नवरा एक जुना बंगला बघायला मला घेऊन गेले. मालकीणबाईनं हसत दार उघडलं आणि मी नाक वर केलं. मग कपाट सरकवायला सांगितलं. मग भिंतीला बोट घासलं. नात कानाशी कुजबुजली, "आजी, प्लीज, चाटू नकोस हं." मी चाटलं. खारट होतं. नातजावई म्हणाले, "आजी, हे कोणाकडून शिकलात?" मी म्हटलं, "जिला बरोबर न्यायला हवं होतं, तिच्याकडून." त्यांना काही कळलं नाही. निघताना मागच्या खोलीत मी छत्री आडवी ठेवून भिंत मोजून बघितली. माझी कॉट मावत होती. नातीला मी त्याबद्दल काही बोलले नाही.

तेव्हा मला वन्संची वरच्या आळीची खोली आठवली. त्या असतानाच आमची भिंत शेवटी सुकली होती. मागं चर खणून पाणी वळवलं, नवा गिलावा केला, एक अख्खा पावसाळा खोली कोरडी राहिली. माझ्याकडे सबब उरली नव्हती आणि मलाही ती नकोशी झाली होती. मी वन्संकडे गेले. थकल्या होत्या. कॉट दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसलेली, छत्री खिळ्यावर. मी म्हटलं, "वन्सं, खोली सुकली. आता चला घरी."

"आता कशाला गो," त्या चहा गाळत म्हणाल्या. "या घरमालकाला परवाच कौलं चाळायला लावलीत. आता सोडून गेले तर त्याचंच फावेल."

मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही ते कॅलेंडर बघितलंत. तुम्हांला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

वन्संनी कप माझ्यापुढं सरकवला. रागावल्या नव्हत्या. पोरीला गणित समजावून सांगावं तशा म्हणाल्या:

"घर बघायला बोलावलं असतंस तर घर बघितलं असतं. जेवायला बोलावलंस, जेवले. वालाच्या डाळिंब्या अगदी मऊ शिजल्या होत्या हो. तुझ्या विहिरीचं पाणी चांगलं आहे."